धावत्या ओळीतली नावं

भीमराजाचा राग अख्ख्या मनोरी गावाला ठाऊक. मरोळच्या छापखान्यात तीस वर्षं त्याने खिळे जुळवले. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. छापखाना बंद पडल्यावर तो हट्टाने कॉम्प्युटर शिकला आणि गावाची वेबसाइट केली. पहिल्याच पानावर, वरच्या कडेला, समुद्रातून परत न आलेल्या माणसांची नावं त्याने धावत्या ओळीत घातली. एकामागून एक, खाडीतून बाहेर पडणाऱ्या होड्यांसारखी.

त्यांच्या आळीत नारळी पौर्णिमेला नारळ सोडण्याआधी ही नावं मोठ्याने वाचायची. नावांची वही सव्वीस जुलैच्या पुरात गेली, तेव्हापासून वाचन वेबसाइटवरूनच.

यंदा पौर्णिमेला दोन दिवस असताना शेजारची सोनूबाई मोबाइल घेऊन दारात आली.

"भीमराज, माझ्या माणसाचं नाव कुठं गेलं रे?"

त्याने पाहिलं. पान नवं कोरं झालेलं, आणि नाव एकही नाही. तो तसाच, पायात चपला न घालता, भाचीच्या घरी गेला. जुनी वेबसाइट मोबाइलवर नीट दिसत नाही म्हणून हेमांगीनेच ती साफ करायला घेतली होती.

"कुणाला विचारून पुसलीस गं नावं?"

"मामा, आधी ऐक तर. दोनशे पानं हाताने कोण साफ करणार? एक लायब्ररी असते, म्हणजे आयता लिहिलेला कोड. ती जुनं पान वाचते आणि त्यातल्या खुणा वेगळ्या करून देते. हा रंग, हे टेबल, ही धावती ओळ. मग काय ठेवायचं, काय फेकायचं ते मी सांगायचं. धावत्या ओळीत नेहमी जाहिराती असतात ना, म्हणून म्हटलं, आतल्या मजकुरासकट फेक."

"जाहिराती? खवले काढायला दिले तर तू मासाच फेकलास! आणि वाचून बघायला डोळे नव्हते?"

"चुकलं माझं. पण मूळ फायली आहेत माझ्याकडे. ओरडू नकोस, बस."

तो बसला नाही. तिने एक ओळ बदलली: खूण काढ, मजकूर ठेव. या वेळी लपलेलंसुद्धा काही फेकू नकोस, असंही तिने त्यात घातलं. नावं आली. सोनूबाईचा माणूस एकोणिसावा. एकूण बेचाळीस.

"मामा, वाचायची तर एकेचाळीस ना? हे शेवटचं चंद्रप्रकाश... पानावर दिसत नव्हतं. कोडमध्ये कुणीतरी झाकून ठेवलंय. धाकटा मामा ना हा?"

आता भीमराज बसला. भाऊ समुद्रातून परत आला नाही तेव्हा अंजनाबाई, त्यांची आई, म्हणाली होती, "तो येणार. त्याचं नाव मेलेल्यांत घालशील तर तुझं तोंड बघणार नाही." आईला मोडता येईना, भावाला वगळवेना. म्हणून त्याने नाव लिहिलं आणि झाकलं. आईला जाऊन सहा वर्षं झाली, तरी उघडं केलं नव्हतं.

"काढू का ते नाव?" हेमांगीने हळूच विचारलं.

"हात तर लावून बघ!"

पौर्णिमेला धक्क्यावर त्यानेच वाचलं. एकेचाळीस नावं नेहमीसारखी. बेचाळिसाव्याला आवाज असा चढला की पुढे उभी असलेली सोनूबाई वळून बघू लागली, हा एवढा कुणावर ओरडतोय.