दहीसाखर आणि एकशे दहा मिनिटं

निरुपमा खानविलकर नेमकं काय करते, हे बडोद्यात निजामपुऱ्यातल्या तिच्या सोसायटीत कोणालाच नीट सांगता येत नाही. वडील सुभाषराव रिफायनरीत मीटर दुरुस्त करून निवृत्त झालेले; तेही "आमची निरू कॅन्सरचे फोटो काढते" एवढ्यावर विषय मिटवत. ऐकणारे "सरस, छान" म्हणत आणि भाजीवाल्याकडे वळत.

खरी हकीगत थोडी लांबची आहे. कलाभवनच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स, मुंबईत पुढचं शिक्षण, मग सहा वर्षं नेदरलँड्समधली एक प्रयोगशाळा. तिथे ती अशा एका रेणूवर काम करायची, जो रक्तात सोडला की गाठ शोधून तिला चिकटतो. त्याच्या पाठीवर आधी दिवा ठेवायचा, म्हणजे गाठ दिसते. मग त्याच पाठीवर निखारा ठेवायचा, म्हणजे ती जळते. उंदरांमध्ये घवघवीत यश आलं. उंदीर बरे झाले आणि निधी संपला. रेणू माणसांपर्यंत पोचला नाही. निरुपमा बडोद्यापर्यंत पोचली. फतेगंजजवळच्या एका इस्पितळात पेट स्कॅनचं यंत्र होतं आणि ते सांभाळायला माणूस हवं होतं.

यंत्र विजेवर चालतं, पण त्याचं काम चालतं साखरेवर. किरणोत्सारी साखर टोचायची; गाठी खादाड, त्या ती अधाशासारखी ओढून घेतात आणि पडद्यावर उजळतात. ही साखर अहमदाबादहून शिशाच्या डब्यात गाडीने येते, आणि तिचं तेज दर एकशे दहा मिनिटांनी निम्मं होतं. वाटेत एखादा ट्रक उलटला, तर डबा पोचतो, साखर पोचत नाही. बारा वर्षांच्या नोकरीत निरुपमाला एवढं कळलं होतं की या देशात वेळेवर सुरू काही होत नसलं, तरी संपणाऱ्या गोष्टी वेळेवर संपतात.

गेल्या वर्षी सुभाषरावांच्या मानेत गाठ आली. लिम्फोमा, लसिकाग्रंथींचा कॅन्सर. दोन केमो झाल्या. तिसरीच्या आधी स्कॅन करून औषध लागू पडतंय का ते बघायचं, नसेल तर बदलायचं, असं ठरलं. निरुपमाने काय खायचं नाही याची यादी स्वतःच्या हाताने लिहून फ्रिजवर चिकटवली. अकरा गोष्टी होत्या; पेपरमिंटसुद्धा सुटलं नव्हतं. त्या दिवशी डबा ताब्यात घ्यायला ती सहालाच इस्पितळात गेली.

साडेनऊला आईवडील आले. सुभाषराव इस्त्रीच्या शर्टात. बोटाला सुई टोचून रक्तातली साखर बघितली. दोनशे छत्तीस. दोनशेच्या वर स्कॅन करत नाहीत; शरीरातच एवढी साखर असली की गाठी टोचलेल्या साखरेकडे बघत नाहीत.

"बाबा, काय खाल्लंत?"

"काही नाही. रात्रीपासून उपाशी आहे."

"आई?"

"काही नाही गं," पद्माबाई म्हणाल्या. "निघताना हातावर दहीसाखर घातली फक्त."

"फक्त?"

"ते काय खाणं आहे? एवढ्या मोठ्या कामाला माणूस तसाच कसा पाठवायचा?" आणि मग, "खाली मथुराबाईंनीही घातली. वर्षभर बोलत नव्हत्या, आज आपणहून आल्या. त्यांना नाही कसं म्हणायचं?"

"आणि फाटकाशी मृदुलाबेन," सुभाषराव म्हणाले. "सुभाषभाई, शुकन करीने जाव, म्हणाली. तिच्याकडे दही नव्हतं."

"मग?"

"श्रीखंड होतं."

"किती?"

"वाटी. केशराचं होतं."

निरुपमा कोणावर रागावणार? यादीत दहीसाखर नव्हती, कारण तिच्याही लेखी ते खाणं नव्हतं. दहावीच्या परीक्षेला, मुलाखतीला, नेदरलँड्सच्या विमानाला, सगळीकडे ती तेच खाऊन गेली होती.

"थोडं थांबू या का?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"यांची साखर उतरेल तोवर तुझा डबा उतरलेला असेल," डॉक्टर म्हणाले. "हे तूच मला शिकवलंस."

तिसरी केमो तीन दिवसांवर होती आणि ती पुढे ढकलायला डॉक्टर तयार नव्हते. मधल्या दिवसांची पेशंटांची यादी निरुपमाने उघडली. रोज सात नावं. यातलं एक खाली सरकवणं तिच्या हातात होतं. सातही नावं तिने दोनदा वाचली आणि यादी बंद केली. मग किरणं मोजायचं मीटर डब्याला लावून बसली. आकडा उतरत होता, अगदी हिशेबाबरहुकूम.

केमो जुन्याच औषधाची झाली, अंदाजाने. केमोनंतर लगेच काढलेला स्कॅन फसवा येतो, म्हणून आणखी तीन आठवडे. साखरेचं तेज कधी निम्मं होतं हे ती झोपेतही सांगू शकली असती. या तीन आठवड्यांत काय निम्मं झालं, ते सांगणारं कोष्टक तिच्याकडे नव्हतं.

दुसऱ्या खेपेला ती पहाटे गेली नाही, त्यांच्याबरोबरच निघायला घरी थांबली. निघताना पद्माबाई सवयीने वाटी घेऊन दाराशी आल्या आणि तिथेच थबकल्या.

"यांना चालत नाही ना?"

"नाही, आई."

"मग तू खा. कोणीतरी खायला हवं. हात पुढे कर."

निरुपमाने हात पुढे केला. फाटकाशी मृदुलाबेन आल्या नाहीत. जाळीच्या दारामागे नुसत्या उभ्या राहिल्या.

साखर एकशे अठ्ठावीस. डबा वेळेवर. पडद्यावर मेंदू उजळला, मूत्राशय उजळलं, ते उजळायचेच. मग मानेत उजळलं, छातीत उजळलं, आणि केमो सुरू होण्याआधीच्या स्कॅनमध्ये जिथे अंधार होता त्या पोटातही.

सुभाषराव बाहेर आले. "कसं आलं?"

"डॉक्टर सांगतील." आणि मग उगाचच, "मशीन छान चालतंय, बाबा."

सुभाषरावांनी तिच्याकडे बघितलं. रिफायनरीत कोणी आवर्जून येऊन 'मीटर ठीक आहे' म्हणालं, की ते तडक प्लांटकडे धावत. आता ते खुर्चीत बसले आणि बुटाची नाडी बांधू लागले. बराच वेळ बांधत होते.

संध्याकाळी पद्माबाईंनी कुकर लावला. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सकाळचं दही आंबट होतं का गं?"

"नाही, आई. गोड होतं."