बाबलमामांची सातची बस

गोव्यातल्या तुयेच्या कारखान्यातून आमची पाळी सुटली की बाबलमामा बसच्या दारात एक पाय खाली टेकून उभे असत आणि फाटकाकडे बघत. शिट्टी त्यांनी कधी वापरली नाही. शेवटची बाई चढली की पत्र्यावर दोनदा थाप मारत, मगच बस हलायची. ड्रायव्हरने घाई केली तर म्हणत, "येता रे ती, चपलां घालता आसतली. तिका सोडून खंय जातलंय?"

मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते, घर चोपड्याला. मामा मूळचे सिंधुदुर्गातले. डिचोलीकडे खाणीच्या ट्रकावर होते. खाण बंद पडली तसे या खासगी मिनीबसवर कंडक्टर म्हणून लागले. कोणाची सासू आजारी, कोणाला दिवस गेलेत, सगळं त्यांना ठाऊक. एकदा पुढच्या सीटवर बसलेल्या तरुणाला त्यांनी माझ्यासाठी हळूच उठवलं, "उठ रे बाबा, हय दोघां बसतली." गावात कोणालाच माहीत नव्हतं ते माझ्याबाबत त्यांनी माझ्या चढण्यावरून ओळखलं होतं.

त्यांची एकुलती मुलगी नीता आमच्याच खात्यात लागली. बायको आधीच गेलेली. संध्याकाळी सातच्या बसने बापलेक सोबत घरी जायची. पण डिझेल महागलं आणि मालकाने सातची फेरी बंद करून टाकली. शेवटची बस साडेपाचची, आमची पाळी सुटायची सातला. कोणी नवऱ्याची वाट बघे, कोणी मिळेल त्या गाडीला हात करी, कोणी हप्त्यावर स्कूटर घेई. महिनाभर नीता माझ्यासोबत अशीच आली. मग मामांनी तिला स्कूटर घेऊन दिली.

तुयेच्या उतारावर, समोरून येणाऱ्या टिपर ट्रकच्या उजेडात तिला खड्डा दिसला नाही. मी मागून माझ्या दिराच्या गाडीवर येत होते. आधी तिचा डबा दिसला, रस्त्याच्या मधोमध.

बाराव्यानंतर मी भेटायला गेले. मामा पडवीत बसले होते. मला बघून म्हणाले, "मी बसवालो, आणि माझ्याच चेडवाक बस नाय." आणि मग, "मालकान फेरी बंद केली तेव्हा मी थयच उभो होतंय गो. तोंडातून एक शब्द नाय इलो माझ्या."

त्यानंतर ते बोलू लागले. सुट्टीच्या दिवशी अर्ज घेऊन पंचायतीत जात, कारखान्यांच्या फाटकावर बायकांच्या सह्या घेत. अक्षर माझं, शब्द त्यांचे. शेवटी सरकारी बस खात्याच्या एका साहेबाने आम्हाला बोलावलं. भला माणूस, पण म्हणाला, "मामा, प्रत्येकाच्या दारात गाडी आहे. बसमध्ये बसणार कोण?"

मामा उभेच होते. "आधी बस गेली, साहेब. माणसांनी गाडये घेतले ते मागसून." हातातला अर्ज त्यांनी टेबलावर ठेवला. "माझ्या चेडवान पण मागसूनच घेतली."

साहेबाने अर्ज जवळ ओढून घेतला. पुढे दीड वर्ष गेलं, पण सातची सरकारी बस सुरू झाली. पहिल्या दिवशी मामा उतारू म्हणून आले. आम्ही अकरा बायका होतो. नीताच्या वयाची एक पोर त्यांच्या शेजारी बसली आणि चोपडं येईपर्यंत फोनवर हसत राहिली. मामा खिडकीकडे तोंड करून बसले होते. उतरताना त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि तसाच मागे घेतला.

वर्षभराने त्यांच्या फुप्फुसाचं दुखणं बळावलं. डॉक्टर म्हणाले, खाणीची धूळ. मी इस्पितळात गेले तेव्हा बोलताना धाप लागत होती. त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगितलं, "मामा, सातच्या बसला आता जागा मिळत नाही. निम्म्या मुली उभ्यानेच येतात."

मला वाटलं, हसतील. त्यांच्या कपाळावर आठी आली. माझं मनगट धरून त्यांनी विचारलं, "उभ्या ऱ्हवणाऱ्या चेडवांक धरूक दांडो आसा मा?"

"आहे मामा," मी म्हटलं. "दोन्ही बाजूंनी आहे."

त्यांनी हात सोडला. दोन दिवसांनी ते गेले.