वाटाड्या मावशी

सिंगापुरात हरवायचं म्हटलं तरी जमत नाही. प्रत्येक इमारतीवर पुरुषभर उंचीचा नंबर रंगवलेला, प्रत्येक कोपऱ्यावर पाटी, आणि पाटी नजरेतून सुटलीच तर खिशात फोन. तरीही आमच्या मावशी दर शनिवारी हरवायच्या. तेही भेदरून वगैरे नाही. एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, उतरल्या की पर्स काखेत मारून "चल, मला ठाऊक आहे," म्हणत तरातरा पुढे निघायच्या आणि भलत्याच ब्लॉकखाली जाऊन उभ्या राहायच्या. आम्ही पोरांनी त्यांचं नाव वाटाड्या मावशी ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा "नाव छान आहे हो," एवढंच म्हणाल्या.

त्या मूळच्या नाशिकच्या. तिथे शाळेत शिकवायच्या. काकांना हार्बरफ्रंटला शिपिंग कंपनीत नोकरी लागली, म्हणून इकडे आल्या. इथल्या मराठी बायकांनी वयात येणाऱ्या मुलींसाठी शनिवारचा एक गट काढायचं ठरवलं आणि मावशींना गळ घातली, की मुलींना चार गोष्टी सांगा. पहिल्याच दिवशी मावशी आम्हाला म्हणाल्या, "मला चार गोष्टी सांगायला बोलावलंय. कोणत्या चार, ते मात्र कोणी सांगितलं नाही. तुम्हाला माहीत आहेत का गं?" आम्ही तेरा-चौदा वर्षांच्या, एकमेकींची तोंडं बघत बसलो. मी आता चोवीस वर्षांची आहे. त्या चार गोष्टी मला अजून कळलेल्या नाहीत.

गटाची पद्धत मावशींनी स्वतःच ठरवली होती. दर शनिवारी वेगळ्या मुलीच्या ब्लॉकखाली, तळमजल्याच्या मोकळ्या जागेत जमायचं. ज्या मुलीचा ब्लॉक, तिने एकटीने स्टेशनवर जाऊन मावशींना घेऊन यायचं. वाट पाच-सात मिनिटांची, पण पुढे मावशी. अर्धा-पाऊण तास कुठेच गेला नाही. बाकीच्या आम्ही चटया अंथरून, आणलेला चिवडा संपवून वाट बघत बसायचो.

मावशींना आणायची माझी पाळी आली तेव्हा आम्ही पासिर रिसला राहत होतो. मला शाळेत पहिल्यांदा पाळी येऊन महिना उलटला होता आणि मी आईला सांगितलं नव्हतं. का, ते माझं मलाच उमगत नव्हतं. आई काही रागावणारी नव्हती. पण एकदा सांगितलं की पुन्हा लहान होता येणार नाही, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. चुकत चुकत मावशींनी मला पार समुद्राकडच्या बागेपाशी नेलं. मी दमले, वैतागले आणि त्या वैतागात सगळं सांगून टाकलं. मावशी थांबल्या. पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बरं झालं बोललीस, सई. आता मला सांग, हे क्लिनिक मगाशीच लागलं होतं ना?" मी रडत होते, त्यात हसायलाही आलं. त्या रात्री जेवताना आईला सांगितलं. तिने ताटात आणखी एक पोळी वाढली आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं."

पुढे गटात निशी आलं. 'आलं' असं मी मुद्दाम म्हणते. पहिल्याच शनिवारी त्याने सांगून टाकलं होतं, "मी गर्ल नाही. बॉय पण नाही. आय डोन्ट नो यट." झालं! गट काढणाऱ्या बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. मुलींच्या गटात हे कसं चालणार, आणि नाही म्हणावं तर पोराने जायचं कुठे? सगळ्या मावशींकडे बघायला लागल्या. मावशी म्हणाल्या, "लेकरू आहे ना? मग बसू दे." त्या आम्हा सगळ्यांनाच लेकरू म्हणायच्या. निशीला तेवढा एक शब्द चालायचा, म्हणून मीही तोच धरून ठेवलाय.

निशीचे बाबा इंजिनियर. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता. इथल्या हवेने पोराचं डोकं फिरलंय, पुण्याला आत्याकडे राहिलं, तिथल्या शाळेत गेलं की ताळ्यावर येईल, असं त्यांनी ठरवलं. नोव्हेंबरचं तिकीटही काढलं. निशीने बोलणंच सोडलं. गटात यायचं, भिंतीला टेकून बसायचं आणि बुटाची नाडी बोटाला गुंडाळत राहायचं. मावशींनी महिनाभर हे बघितलं आणि जाहीर केलं, "पुढचा शनिवार वुडलँड्सला, निशीच्या घराखाली."

एकटं यायला निशी तयार नव्हतं, म्हणून मी सोबत गेले. स्टेशनबाहेर पडताच मावशी म्हणाल्या, "चला, मला ठाऊक आहे." निशी मान खाली घालून मागून चाललं होतं, आणि मलाही अडवायचं धाडस होईना. ऊन मी म्हणत होतं. ब्लॉकमागून ब्लॉक गेले, मग ब्लॉक संपले आणि आम्ही थेट खाडीच्या कठड्याशी पोचलो. पलीकडे जोहोरच्या इमारती. मावशींनी पर्समधून फोन काढला. "भाऊ, मी निशीच्या गटातली मावशी. आम्ही चुकलोय. कुठे म्हणजे, समोर मलेशिया दिसतंय बघा."

बाबा अर्ध्या चड्डीत, चपला फटफटवत, घामाघूम होऊन आले. "निशीला स्वतःचं घर सापडत नाही?"

"अहो, पुढे मी होते ना!" मावशी म्हणाल्या.

बाबांनी कपाळाला हात लावला. "मावशी, रागावू नका, पण तुम्ही या मुलांना नेमकं शिकवता तरी काय? मला तर काही कळेनासंच झालंय."

"मला तरी कुठे कळतंय? पण आत्ता मी चुकले आणि तुम्हाला फोन केला. उद्या पुण्यात हे लेकरू चुकलं, तर ते कोणाला फोन करेल, तेवढं मला सांगा."

निशी पाण्याकडे बघत होतं. महिनाभर गप्प असलेलं ते लेकरू तिकडेच बघत, इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणालं, "आय कॉल यू ओन्ली लाह, बाबा."

बाबांनी चष्मा काढून बनियनला पुसला. पुन्हा घातला, पुन्हा काढला. परत निघालो तेव्हा मावशी मला घेऊन पुढे झाल्या आणि पहिल्याच वळणावर चुकीच्या बाजूला वळल्या. मागून बाप आणि लेकरू एकदमच ओरडले, "मावशी, इकडे!" आणि दोघंही हसले. नोव्हेंबरात विमान गेलं, निशी गेलं नाही. बाबांना सगळं पटलं असं मुळीच नाही, अजूनही पुरतं पटलेलं नाही. पण निशी रात्री उशिरा घरी येणार असलं की ते अजून स्टेशनवर आणायला जातात.

मावशी खरंच चुकायच्या की चुकल्यासारखं करायच्या? काकांना विचारलं तर ते म्हणाले, "अगं, आमच्या लग्नात ही शेजारच्या मांडवात जाऊन बसली होती." त्या खरंच चुकतात, अशी माझी खात्री पटली. मग एका मंगळवारी मी वुडलँड्सला निशीकडे जात असताना मावशी दिसल्या. निशीच्या आईसाठी डबा घेऊन, एकाही नंबराकडे न बघता नाकासमोर चालल्या होत्या. मी हाक मारली. त्या दचकून वळल्या, क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, मी कुठे आलेय?"

काकांचं काम संपलं, इथे राहायचा पास संपला, आणि दोघं नाशिकला परत निघाले. विमानतळावर मावशी ट्रॉली ढकलत भलत्याच विमान कंपनीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही ओढून आणलं. शेवटी मी विचारलंच, "मावशी, आता तरी खरं सांगा."

"काय खरं?"

"तुम्ही खरंच चुकता?"

"तुला काय वाटतं?"

"मला कळत नाही."

"मग असू दे," म्हणाल्या आणि माझे गाल कुस्करले. मला फार रडू आलं. त्या आत गेल्या तेव्हा डावीकडे वळल्या की उजवीकडे, तेही मला धड दिसलं नाही.

यंदापासून गट माझ्याकडे आलाय. परवाच्या शनिवारी पासिर रिसच्या स्टेशनवर एक नवीन पोर मला घ्यायला आलं होतं. हुडी डोळ्यांपर्यंत ओढलेली, आणि नाव विचारलं तरी खांदे उडवणारं. हा भाग माझ्या पायाखालचा. मी मनाशी म्हटलं, आज आपण मावशी व्हायचं. पर्स काखेत मारली, "चल, मला ठाऊक आहे," म्हटलं आणि मुद्दाम उलट्या बाजूला वळले. मग आणखी एकदा वळले. मधे कुठलासा रस्ता खोदून ठेवलेला, तो टाळायला तिसऱ्यांदा वळले, आणि थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं की हे समोरचे ब्लॉक मी जन्मात पाहिलेले नाहीत. फोन काढला, तर चार्जिंग संपलेलं. मी जागच्या जागी गोल फिरून बघितलं. मावशी, तुम्हीही अशीच सुरुवात केली होती का हो?

हुडीतून पहिल्यांदाच आवाज आला. "आंटी, यू रिअली लॉस्ट ऑर यू अ‍ॅक्टिंग?"

"खरं सांगू? मला काहीच कळत नाहीये."

पोराने हुडी मागे सारली आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"सेम लाह, आंटी," ते म्हणालं, आणि माझ्या शेजारून चालू लागलं.