सक्तीची फ्रेंच

संयोगिता कदम फ्रान्सला कधी गेली नाही. तिच्या पासपोर्टची मुदत दोनदा संपली, दोनदा तो नवा करून आला आणि एकही शिक्का न लागता कपाटात साड्यांखाली पडून राहिला. "जाऊन आली असतीस तर एवढं कौतुक उरलं नसतं," असं मी तिला चिडवायची. ती म्हणायची, "तू कुठे पायथागोरसच्या गावी जाऊन आलीस? गणित शिकवतेसच ने."

गुजरातेत, छाणीच्या पुढे आमची इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. तिथे एकवीस वर्षं ती फ्रेंच शिकवते आणि मी गणित. स्टाफरूममध्ये मराठी आम्ही दोघीच, पण आमच्या घरांच्या रीती दोन टोकांच्या. माझे पूर्वज संस्थानच्या दप्तरात कारकुनी करायचे, तिचे पागेत शिपाई होते. आमच्याकडे पडद्याचा रंग ठरवायलाही आठ दिवस खल चालतो. तिच्याकडे, घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या दोन खोल्यांत, चहा की कॉफी हे फक्त पाहुण्याला विचारतात. घरच्या माणसापुढे सरळ कप ठेवतात. घरच्याला विचारणं म्हणजे त्याला परकं मानणं, अशी तिच्या वडिलांची, तुकोजीरावांची, पक्की समजूत होती.

या समजुतीपायीच ती फ्रेंचकडे गेली. तिला चित्रं काढायची होती. बारावी झाल्यावर तुकोजीरावांनी परस्पर युनिव्हर्सिटीत जाऊन फ्रेंचचा फॉर्म भरून टाकला, कारण कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की या भाषेला पुढे फार मागणी येणार. संयोगिता दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तोंड पाडून वर्गात गेली आणि महिन्याभरात अशी रमली की पुन्हा ब्रशला हात लावला नाही.

त्यामुळे परदेशी भाषा शाळेत सक्तीची असावी की नसावी, हा वाद तिच्यापुढे काढायची सोय नव्हती. "मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं," ती म्हणायची. "मुलांना निवड दिली की निवडतो त्यांचा बाप. त्यापेक्षा सगळ्यांना शिकू द्या." आणि ती शिकवायचीही तशी. पहिला महिनाभर पुस्तक उघडायचं नाही. हजेरी फ्रेंचमध्ये, पाणी प्यायला जायची परवानगी फ्रेंचमध्ये. आमच्या शिपाई कौशल्याबेनसुद्धा तिला सकाळी 'बोंझूर' म्हणत आणि लगेच गुजरातीत विचारत की खडू किती आणू.

मागच्या वर्षी पालकांनी गलका सुरू केला. एकाला फ्रेंच काढून जर्मन हवी होती, कारण मुलाला जर्मनीला धाडायचं होतं. दुसऱ्याला परदेशी भाषाच नको होती, संस्कार बिघडतात म्हणे. हे दोघेही घरात मुलांशी इंग्रजीत बोलतात, तेही चुकीच्या. विश्वस्तांनी शेवटी मार्चमध्ये बैठक ठेवली. सहावी ते आठवी फ्रेंच सक्तीची ठेवायची की मुलांना फ्रेंच किंवा संस्कृत असा पर्याय द्यायचा, हे तिथे ठरायचं होतं. संयोगिता सक्तीच्या बाजूने तलवार काढणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

पण त्याआधीच भक्तीचा प्रश्न उभा राहिला.

भक्ती बाजवा गावाहून यायची. वडील रिफायनरीत ठेकेदाराकडे कामाला, आई येसूबाई घरी खाखरे, म्हणजे पातळ कडक पोळ्या, शेकून दुकानांना द्यायची. सरकारी राखीव जागेवर पहिलीत लागलेली ही मुलगी सहावीपर्यंत कशीबशी पोचली होती. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी, वर हिंदी आणि आता फ्रेंच. चारचौघांत ती संयोगिताला 'मॅडम' म्हणे आणि कॉरिडॉरमध्ये कुणी नसलं की 'बाई'. संयोगिताचा जीव होता तिच्यावर. सहामाहीला भक्ती इंग्रजीत नापास झाली आणि माझ्या गणितातही. फ्रेंचमध्ये अडतीस, जेमतेम पास. प्रिन्सिपॉल मॅडमनी येसूबाईंना बोलावून सांगितलं की मुलगी सुधारली नाही तर तिला गुजराती शाळेत घालणंच तिच्या भल्याचं आहे. त्या बाईच्या हातातली पिशवी घट्ट आवळली गेली, एवढं मला आठवतं.

त्या दुपारी संयोगिताने मला भक्तीची फ्रेंचची वही दाखवली. प्रत्येक ओळीवर बारीक अक्षरात देवनागरीत उच्चार लिहिलेले. पानामागून पानं.

"हिला वाचता येत नाही नीरा," ती म्हणाली. "नुसती घोकते आहे. आणि मला इतके महिने कळलं नाही."

मी म्हटलं, "मग तिच्या डोक्यावरचं एक ओझं कमी कर. गणित आणि इंग्रजी मी सुटू देणार नाही. तुझंच सुटण्यासारखं आहे." हे माझे शब्द आहेत आणि ते मी लपवणार नाही.

बैठकीत संयोगिता उठली ती वही हातात घेऊनच. ती पुढ्यात ठेवून म्हणाली, "एकवीस वर्षं मी सक्तीच्या बाजूने बोलले. पण ज्या मुलीच्या घरी शिकवणारं कुणी नाही, तिच्यावर पाचवी भाषा लादणं हा जुलूम आहे. पर्याय द्या." विश्वस्त एकमेकांकडे पाहू लागले. तिचे तास निम्मे होणार हे तिला माहीत होतं आणि ते झालेही. उरलेल्या वेळात ती आता लायब्ररीत पुस्तकांना कव्हरं घालते. मला त्या दिवशी तिचा अभिमान वाटला. घरी येऊन मी नवऱ्याला, श्रीकृष्णला, सगळं रंगवून सांगितलं.

एप्रिलमध्ये मुलांच्या हाती फॉर्म गेले. फॉर्म इंग्रजीत, म्हणून येसूबाई तो घेऊन थेट घडियाळी पोळात संयोगिताच्या घरी आली.

"ताई, तुम्हीच भरा ने. तुम्ही तर घरच्या," ती म्हणाली.

संयोगिताने तिच्यापुढे चहा ठेवला, पेन घेतलं आणि 'संस्कृत'पुढे खूण केली. मराठी मुलीला संस्कृत सोपं जाईल, गुण मिळतील, गुजराती शाळेची टांगती तलवार टळेल. येसूबाईने खाली सही केली. भक्ती त्या वेळी बाहेर ओट्यावर चपला घालून उभी होती. तिला आत बोलावून विचारायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. संयोगिताने हे मला नंतर सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "का नाही विचारलंस?" ती म्हणाली, "परकी असती तर विचारलं असतं."

जूनमध्ये सातवीचा पहिला फ्रेंचचा तास. पर्याय मिळाल्यावर सव्वीस जण उरले होते. बहुतेक जण बाहेर खाजगी क्लासला जाणारे, पुढे कॅनडाची स्वप्नं बघणारे. संयोगिताने हजेरी घेतली आणि मान वर केली तर भक्ती तिसऱ्या बाकावर बसलेली. नवी वही, नवं कव्हर.

"भक्ती, तुझं नाव संस्कृतच्या वर्गात आहे."

"नाही मॅडम. चुकून गेलं असेल. मम्मीने फॉर्म तुमच्याकडे दिला होता."

"मीच लिहिलं तसं," संयोगिता म्हणाली.

भक्तीने वही दप्तरात घातली. वर्गात कुणीतरी हसलं. ती दारापर्यंत गेली, परत वळून म्हणाली, "मी काय केलं होतं मॅडम?" आणि निघून गेली. ती निघून गेल्यावर उरलेला तास कसा घेतला, हे संयोगिताला आठवत नाही.

मधल्या सुट्टीत ती प्रिन्सिपॉल मॅडमकडे गेली. टाइमटेबल लागलं होतं, पुस्तकं वाटून झाली होती. एकीला बदलून दिलं तर उद्या चाळीस पालक दारात उभे राहतील, असं मॅडम म्हणाल्या. वर हेही म्हणाल्या, "संयोगिताबेन, वही तर तुम्हीच दाखवलीत ने."

रविवारी ती बाजव्याला निघाली. एकटीने जायचा धीर नव्हता, म्हणून मला तिच्या ॲक्टिव्हाच्या मागे बसवून नेलं. येसूबाई दारातच शेगडीपाशी लाकडी दट्ट्याने खाखरे दाबत होती. आम्हाला बघून तिने खुर्च्या पुसल्या. रागाचा एक शब्द नाही. तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

संयोगिताने वहीचा विषय काढला. येसूबाई संकोचून हसली.

"ते मराठीत माझ्यासाठी लिहिलंय तिने, ताई. मी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकले. ती पाठ म्हणायची आणि मी बघून चुका काढायची. बाकीच्या विषयांत मला काय कळतंय? या एकात मी तिचा अभ्यास घ्यायची." मग तिने दट्ट्या दाबता दाबता फ्रेंचमध्ये 'माझं नाव येसूबाई, मी बाजव्यात राहते' हे सांगितलं. उच्चार माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगले होते. मी खाली बघत राहिले. अडतीस गुणांकडे बघून सल्ला देणारी मी, तिला फ्रेंच आवडते का हे विचारायचं माझ्याही मनात आलं नव्हतं. आमच्या घरी तर पडद्यांवर आठ दिवस चर्चा होते.

संयोगिताचे डोळे भरून आले होते. ती भक्तीला म्हणाली, "तू माझ्या घरी ये. दर रविवारी. मी तुला सगळं शिकवते, पुस्तकापेक्षा जास्त शिकवते. स्टेशनवर घ्यायला मी येईन."

भक्ती खाखऱ्यांची चळत कागदात बांधत होती. तिने गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

"घरी नको, बाई."

"का गं? माझ्यावर रागावलीस?"

"नाही. इंग्रजी सगळ्यांना घरूनच येतं. गणिताची सगळ्यांना ट्यूशन असते. गुजरातीत माझे उच्चार ऐकून हसतात. फ्रेंच कुणालाच येत नव्हती. पहिल्या दिवशी सगळे माझ्यासारखेच होते."

येसूबाईचा शेगडीवरचा खाखरा उलटायचा राहिला आणि तो करपला. परत येताना छाणीचा नाका गेल्यावर संयोगिताने गाडी बाजूला घेतली, 'चालवशील का?' असं मला विचारलं आणि किल्ली माझ्या हातात देऊन मागे बसली.