न घेतलेलं वाण

कराची सोडून आम्ही सांगलीत आलो तेव्हा गल्लीने आम्हाला भरपूर दिलं. हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं सगळं रागाने लिहिणार आहे. पातेली, वाकळ, लिंबाचं लोणचं, जुनी लुगडी. आजोबा मूळचे याच भागातले, घरात आम्ही मराठीच बोलायचो, तरी गल्लीत आमचं नाव एकच होतं, निर्वासित.

वडील नोकरी शोधत फिरत होते. आई कराचीत शेजारणींचे कपडे शिवायची. मशीन तिकडेच राहिलं, पण इथेही शिवणाचं काम मिळावं एवढीच तिची इच्छा होती. मात्र जिला आपण जुनं लुगडं दिलं तिच्याकडे नवं कापड शिवायला टाकावं, हे कुणाच्या मनातच येईना.

संक्रांत आली. घरोघरच्या हळदीकुंकवात आईला वाण मिळालं. मग आपल्याकडे लुटायला तिने खणाचे बटवे हाताने शिवले, टाके मशीनचे वाटावेत असे. बायकांनी ते हातात घेऊन बघावेत, हा तिचा विचार. आखणी माझी. तीळगूळ आदल्या दिवशी, बोलावणी सकाळी, सारवण दुपारी. सगळं वेळेत झालं आणि कुणीही आलं नाही.

दिवेलागणीनंतर समोरच्या काकू आल्या, हातात झाकलेलं पातेलं घेऊन. उंबऱ्यातच कुंकू लावून घेतलं. आईने बटवा पुढे केला तसा काकूंनी हात मागे घेतला.

"राहू द्या बाई. तुमच्यावर एवढा प्रसंग आलेला, तुमच्याकडनं कसं घ्यायचं? आमी सगळ्याजणींनी ठरवलं, यंदा तुमाला खर्चात पाडायचं न्हाई."

"ठरवताना आम्हाला विचारलंत?" मी म्हणाले.

"तू गप्प बस," आई मला म्हणाली. मग त्यांना, शांतपणे, "वहिनी, तुमचं वाण मी शेजारीण म्हणून घेतलं. माझं चालत नसेल तर हे पातेलंही परत न्या."

काकूंनी पातेलं परत नेलं. बटवा नेला नाही.

दुसऱ्या दिवशी नळावर मला ऐकू येईल असं बोलणं चाललं होतं. "खायला न्हाई, पर ताठा लय हाय."

"कराचीची राणी हाय ती. आपलं लोणचं कसं चाललं मग तिला?"

त्यानंतर गल्लीतून काही येईनासं झालं. कोरडी भाकरी खाताना मला आईचाही राग यायचा.

आईने ते बटवे मंडईत नेले आणि भाजी विकणाऱ्या बायकांना वाण म्हणून दिले. त्यांनी आढेवेढे न घेता कुंकू लावून घेतलं, बटवे कमरेला खोचले. एक म्हणाली, "टाका झ्याक हाय की गं. माजी चोळी शिवशील का?" गल्लीतल्या बायका रोज त्यांच्याकडूनच भाजी घेत. बटवे कुणी शिवले, ते त्यांना तिथे कळलं.

चैत्रात काकूंनी मोलकरणीबरोबर नवा खण पाठवला, मापाला जुनी चोळी. आईने दोन्ही परत पाठवलं. "माप द्यायला या म्हणावं."

"जुन्या चोळीवरून शिवता येतं की," मी म्हणाले.

"येतं," आई म्हणाली.

काकू आल्या. सतरंजीवर टेकल्या. आईने आधी त्यांना कुंकू लावलं, मग टेप काढली. आमचं चुकलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. आईला त्याची गरज नव्हती. मला होती, आणि अजून आहे.