कोठीमागची उशी

अश्विनीचा फोन आला तेव्हा मी माझ्या नेहमीच्या जागी, कुलरसमोर, तोंडावर पदर घेऊन आडवी झाले होते. अश्विनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंची, अक्कांची, सून. बँकेत नोकरीला आहे, बोलायला खणखणीत. त्या दिवशी मात्र तिचा आवाज पार खाली गेला होता. "काकू, आई झोपल्यात... उठवलं तरी उठंनात." खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की अक्का आणि दुपारच्या झोपल्या? हिचं काहीतरी चुकतंय. रिक्षा करून जुन्या घरी पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. हृदय थकलेलं होतंच, ते झोपेतच थांबलं. याला आता दीडेक महिना झाला, पण तो पहिला विचार काही डोक्यातून जात नाही.

महानंदा त्यांचं नाव, पण सगळ्यांच्या त्या अक्का. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे कुणी दारात दिसलं की एकाच दमात "या, बर्री बर्री" असं मराठी-कानडी दोन्ही भाषांत स्वागत व्हायचं. ज्यांनी सोलापूरचा उन्हाळा काढलाय त्यांना दुपार म्हणजे काय हे सांगायला नको. जेवणं झाली की शटरं अर्धी खाली येतात, गल्लीतलं कुत्रं गटारीच्या सावलीला जातं आणि ऊन कलेपर्यंत सगळं गाव निजतं. आमच्या घरीही सासरे आरामखुर्चीत घोरायचे, चादरी-टॉवेलांचं दुकान अर्धं मिटून आलेले थोरले दीर पंख्याखाली पसरायचे, सासूबाई जपाची माळ हातात धरून डुलक्या घ्यायच्या. जागी फक्त थोरली सून. मी धाकटी, लग्नानंतर दोन वर्षांत वेगळं बिऱ्हाड केलेली आणि पहिल्यापासूनच जरा निर्लज्ज. मला झोप आली की मी झोपते आणि कुणी विचारलं तर झोपले होते असं सांगते. त्यामुळे घरात माझ्याकडून कुणाच्या फारशा अपेक्षा राहिल्या नाहीत, आणि त्यात माझं बरंच भलं झालं.

अक्कांचं तसं का झालं, ते त्यांनी एकदा शेंगा निवडता निवडता सांगितलं होतं. लग्न नवीन होतं. वीसेक माणसांच्या भाकऱ्या थापून त्या दुपारी जरा लवंडल्या आणि त्यांना गाढ झोप लागली. नेमके त्याच वेळी सासूबाईंच्या माहेरचे कुणी लग्नाची पत्रिका घेऊन आले, कडी वाजवून वाजवून थकले आणि पत्रिका दारात ठेवून निघून गेले. पुढे त्या लग्नात सगळ्यांसमोर थट्टा झाली, की यांच्यात दिवसाढवळ्या सुना झोपतात. घरी आल्यावर सासूबाई रागावल्या नाहीत, काहीच नाही. एवढंच म्हणाल्या, "आपल्या दारातनं माणूस कधी परत गेलं न्हवतं." नंतर त्यांनी तो विषय मरेपर्यंत काढला नाही. त्या शिव्या देत्या तर बरं झालं असतं असं मला वाटतं. शिव्या माणूस विसरतो.

त्यानंतर अक्का दुपारी झोपल्या नाहीत असं नाही. देहच तो, पहाटेपासून राबलेला. पण त्या लपून झोपायच्या. स्वयंपाकघरात, गार शहाबादी फरशीवर, दाराकडे कान करून. दुकानातल्या डागी टॉवेलांची एक छोटी उशी त्यांनी शिवली होती, ती ज्वारीच्या कोठीमागे दडवलेली असायची. बेल वाजली की उशी कोठीमागे, तोंडावर पाणी, निऱ्या झटकल्या आणि दार उघडता उघडता, "झोपले नव्हते हो, जरा आवरत होते." समोरच्यानं विचारलेलं नसायचं. मी उशी पाहिली, गालावर उमटलेली तिची शिवण कितीदा पाहिली, पण झोपलेल्या अक्का कधी पाहिल्या नाहीत. "अक्का, झोप म्हणजे काय चोरी हाय का?" मी चिडवायची. त्या हसायच्या. "चोरी न्हाई गं. पण कुणी बघितलं तर बरं दिसतंय का?" बरं दिसतंय का, यावर त्यांनी अख्खा जन्म काढला. ताप असताना डोहाळजेवणाला गेल्या, सांधे धरलेले असताना बारशाला गेल्या, आणि एखादं लग्न चुकलंच तर त्या घरच्यांना मंडईत पाहून दुसऱ्या बोळात वळायच्या. त्या घरच्यांच्या ते लक्षातही नसायचं.

थोरले दीर आधीच गेले होते; मागच्या वर्षी अक्कांचं हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, पूर्ण विश्रांती, बोलणंसुद्धा कमी. आणि आमच्याकडे माणूस आजारी पडलं की भेटायला गर्दी सुरू होते. सकाळी माहेरची, दुपारी भावकीची, संध्याकाळी भिशीच्या बायका. प्रत्येक जण "तुम्ही पडूनच राहा" म्हणायचा आणि अक्का प्रत्येकासाठी उठून बसायच्या, पदर सारखा करायच्या, चहाचं सांगायच्या. अश्विनीनं शेवटी दारावर कागद चिकटवला, की रुग्णास विश्रांतीची गरज आहे, कृपया भेटण्यास येऊ नये. लोकांनी तो नीट वाचला आणि बेल वाजवून सांगितलं, "वाचलं आमी, दोनच मिनिटं बसून जातो." अक्कांना त्या कागदाचीच इतकी लाज वाटली, की तिसऱ्या दिवशी तो त्यांनी स्वतः काढला. मग महेशनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, शेवटचा उपाय केला. नवराबायको कामाला जाताना पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालायला लागली. येणाऱ्याला वाटावं, घरात कुणी नाही. मी मागच्या बोळातून येऊन दिवसभर अक्कांजवळ बसायची.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी भर उन्हात मंगळवेढ्याचे चन्नाप्पामामा आले, अक्कांचे सख्खे मामा, ऐंशीच्या पुढचे, एस्टीनं, हातात शेंगांची पिशवी. त्यांनी कुलूप हलवलं, मग हाका सुरू केल्या. अक्कांनी डोळे उघडले. "सुनंदा, मामाचा आवाज हाय." मी ओठांवर बोट ठेवलं. दुसरी हाक आली, तिसरी आली, मग चपला लांब जात गेल्या. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "एवढ्या उन्हात म्हातारं माणूस आलंय आन दारातनं परत जालालंय की गं." मी त्यांचा हात धरून ठेवला. "डॉक्टर काय म्हणाले, अक्का?" म्हटलं. "डॉक्टरांना काय जातंय, त्यांच्या दारातनं कोण परत जातंय..."

मामा परत गेले नव्हते. ते समोरच्यांच्या कट्ट्यावर बसले, समोरच्या बाई म्हणाल्या, सकाळपासनं कुलूप हाय, दवाखान्यात नेलं असंल. मामांनी महेशला फोन लावला, तो लागला नाही. मग त्यांनी फोनमध्ये होते तेवढ्या नातेवाइकांना कळवलं, की महानंदाच्या घराला कुलूप हाय, फोन कुणी उचलंना. एवढ्यावरून आमच्या लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. तासाभरात दारासमोर माणसं जमली. आत आम्हाला सगळं ऐकू येत होतं. एका बाईनं तर हुंदका काढला, "लई चांगली हुती ओ..." हे ऐकल्यावर मात्र अक्का उठल्या. माझा हात सोडवून घेतला, भिंत धरत पुढच्या खिडकीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "मी हाय की. मागच्या दारानं या, हे कुलूप उगीच लावलंय."

मग सगळे बोळातून आत आले. जागा पुरेना म्हणून बायका पलंगावर बसल्या आणि अक्का खुर्चीवर, निऱ्या नीट करून. "तुमाला उगीच उन्हात त्रास झाला," असं त्या एकेकाला सांगत होत्या. आपण जिवंत आहोत याबद्दल त्या सगळ्यांची माफी मागत होत्या, आणि मी, एवढी तिखट तोंडाची, आत उभी राहून वीस कप चहा गाळत होते. दुसरं काय करणार होते? चिडायचं तरी कुणावर? निघताना मामा माझ्याजवळ थांबले आणि हळूच म्हणाले, "मला तरी कुटं यायचं हुतं पोरी, गुडघा हलू देत न्हाई. पर न्हाई आलो तर लोक म्हणतील, भाचीला बघायला सुदीक आला न्हाई." त्या खोलीतल्या प्रत्येकाला खरं तर आपापल्या घरी पंख्याखाली पडायचं होतं.

त्यानंतर अक्का फार दिवस राहिल्या नाहीत. त्या दुपारमुळेच, असं कुणी म्हटलं नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, भिंतीला टेकवून बसवतात, फुलं वाहतात आणि येणारा समोर येऊन दर्शन घेतो. पुढे मातीतही बसवूनच. लहानपणापासून मी हे पाहत आले, मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र बघवेना. माणसं येतच होती आणि अक्का बसून होत्या, पदर सारखा, निऱ्या नीट. आता तरी यांना पडू द्या, असं ओठांवर आलं होतं... कुणाला सांगणार?

मागच्या आठवड्यात जुन्या घरी गेले. संध्याकाळी एका बारशाला जायचं होतं, शिवाय बऱ्याच दिवसांत गेले नाही तर अश्विनीला वाटेल, अक्का गेल्या आणि काकू तुटल्या. म्हणून दुपारचीच गेले, सुट्टीचा दिवस बघून. बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला. आतून नळाचं पाणी पडल्याचा आवाज आला. अश्विनीनं दार उघडलं, तोंड ओलं, गालावर एक लांब शिवण उमटलेली. "या काकू. झोपले नव्हते, जरा आवरत होते."

दारावर कागद चिकटवणारी मुलगी ती. पाणी प्यायला म्हणून आत गेले तर कोठीमागून उशीचा कोपरा दिसत होता. तीच उशी, अभ्रा नवा, अक्कांच्या जुन्या पातळाचा. मध्ये डोक्याचा खळगा अजून तसाच होता. मनात आलं, म्हणावं, जा बाई, झोप निवांत, मी निघते. पण मी अशी आल्या पावली परत गेले असते तर ते तिला किती वर्षं पुरलं असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"काकू, चहा टाकू ना?" तिनं बाहेरून विचारलं.

मी उशी हातानं कोठीमागे नीट आत सरकवली आणि म्हटलं, "टाक. अर्धा कप."