वेवजीची 'कोरी' जमीन

मंडळी, आज सकाळी आम्ही दोघं डहाणूहून वेवजीला जमीन बघायला गेलो होतो.

दलाल म्हणाला, "मॅडम, इथे कधीच कोणी राहिलं नाही. एकदम कोरी जागा."

मग गवतात घराचं जोतं कसं? मागे शेवगाही होता, शेंगा नुकत्याच तोडलेल्या. म्हणे जनावरं खातात. इतक्या उंचावरच्या?

आमचे हे तर बोअरवेलची जागा ठरवायला लागले होते!

जोत्याजवळ एक साधा दगड होता. ना शेंदूर, ना फूल. बोलता बोलता दलालाने चपला काढल्या, दगडाला वळसा घातला आणि पलीकडे जाऊन पुन्हा घातल्या. त्याच्या लक्षातही आलं नाही.

तुम्हीच सांगा, जिथे कधी कोणी राहिलंच नाही, तिथला देव याला कसा माहीत?